संगणक-जाळ्यातील वृक्षरचना आणि पोर्टजोडणीचा विलंब

संगणकाची केबल स्विचमध्ये बसविली की तो संगणक तत्क्षणी जाळ्यात सामील होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मॅनेज्ड स्विचच्या बाबतीत ती खरी नसते. केबल बसताच पोर्टावरील दिवा लागतो. अनेक स्विचांवर तो आरंभी पिवळट असतो व काही वेळाने हिरवा होतो. या मधल्या सुमारे तीस सेकंदांत संगणकाचा एकही संदेश पुढे जात नाही. केबल सदोष नसते, संगणक मंद नसतो आणि स्विचही बिघडलेला नसतो. स्विच हेतुपुरस्सर थांबलेला असतो.

या थांबण्याचे कारण ‘स्पॅनिंग ट्री’ नावाच्या पद्धतीत आहे. एक लहानशी मांडणी बदलली असता हा विलंब नाहीसा होतो, हे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ती मांडणी नेमके काय करते, आणि ती चुकीच्या जागी केल्यास संपूर्ण संस्थेचे जाळे का कोसळू शकते, याचा विचार क्वचितच होतो. भाषा-प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रणांचे संग्रह व संगणकावरील परीक्षा हे आता भाषाविषयक विभागांच्या दैनंदिन व्यवहाराचे भाग झाले आहेत. म्हणून या प्रश्नाचे मूळ समजून घेणे विभागातील अध्यापकांस व विद्यार्थ्यांसही उपयुक्त ठरेल.

१. लूप आणि त्याचा धोका

स्विचचे मूळ काम साधे आहे. त्याच्याकडे येणारे माहितीचे प्रत्येक पाकीट, म्हणजे फ्रेम, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते बाळगून असते. पाठविणाऱ्याचा पत्ता कोणत्या पोर्टातून आला याची स्विच नोंद करतो आणि पुढे त्या पत्त्यासाठी आलेली फ्रेम त्याच पोर्टाने सोडतो. घेणाऱ्याचा पत्ता नोंदीत नसेल, किंवा फ्रेम सर्वांनाच उद्देशून असेल, तर आलेले पोर्ट वगळून उरलेल्या सर्व पोर्टांतून तिच्या प्रती बाहेर पडतात.

आता दोन स्विचांमध्ये दोन मार्ग आहेत अशी कल्पना करावी. पहिल्या स्विचने सर्वांना उद्देशून सोडलेली फ्रेम एका मार्गाने दुसऱ्याकडे जाते, दुसरा ती दुसऱ्या मार्गाने परत पाठवितो, पहिला ती पुन्हा सोडतो. हे वर्तुळ, म्हणजेच ‘लूप’, आपोआप थांबत नाही. इंटरनेट प्रोटोकॉलच्या पाकिटावर आयुर्मर्यादेचा अंक असतो. प्रत्येक मुक्कामी तो एकाने घटतो व शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेमवर असा अंकच नाही. शिवाय तीन किंवा अधिक मार्ग असतील तर प्रत्येक फेरीत प्रतींची संख्या वाढत जाते. थोड्याच अवधीत केबलची सारी क्षमता या निरर्थक प्रतींनी भरून जाते. एकच पत्ता आळीपाळीने वेगवेगळ्या पोर्टांवर दिसू लागल्याने स्विचांच्या नोंदीही अविश्वसनीय ठरतात. या अवस्थेला ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ म्हणतात.

असे असूनही दुहेरी मार्ग ठेवण्याचा मोह सुटत नाही, व तो सुटूही नये. एकच केबल असेल आणि ती तुटली, तर त्यापलीकडील सर्व संगणक निकामी होतात. भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमास केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यात ग्रामपंचायतींपर्यंतचे तंतुमार्ग वलयाकृती असावेत असे ठरविण्यात आले. त्यामागचा हेतू हाच की, एका बाजूने मार्ग तुटला तरी दुसऱ्या बाजूने संपर्क टिकावा. एवढ्या मोठ्या जाळ्यातील वलयांचे नियमन निराळ्या पद्धतींनी होते. तथापि मूळ पेच सर्वत्र एकच आहे. सुरक्षिततेसाठी वलय हवे, आणि वलय असले की फेऱ्याचा धोका आहे.

२. कालव्याचा उतार व जाळ्याचा वृक्ष

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ मध्ये नामांतर होईपर्यंत अहमदनगर) कालव्यांची रचना येथे दृष्टांतादाखल घेता येईल. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा धरण आहे. त्याचे बांधकाम १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणातून नदीत सोडलेले पाणी संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापाशी डाव्या व उजव्या कालव्यांत वळविले जाते. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या आणि पोटचारीच्या टोकाला शेत, अशी ही शाखाविस्ताराची मांडणी आहे. कोणत्याही शेतापासून मुळाकडे जाणारा मार्ग एकच असतो. पाणी फिरून पुन्हा कालव्याच्या मुखाशी येत नाही, कारण जमिनीला उतार आहे.

संगणकाच्या जाळ्याला उतार नसतो. केबलमधून माहिती दोन्ही दिशांना सारख्याच सुलभतेने वाहते. म्हणून तेथे उतार कृत्रिम रीतीने निर्माण करावा लागतो. स्पॅनिंग ट्री ही जाळ्याला दिलेल्या अशा कृत्रिम उताराची पद्धती होय.

गणिताच्या परिभाषेत, बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या आकृतीतून सर्व बिंदू जोडलेले राहतील पण एकही वलय उरणार नाही अशा बेताने निवडलेल्या रेषांचा संच म्हणजे ‘स्पॅनिंग ट्री’, अर्थात सर्व बिंदूंना स्पर्श करणारा वृक्ष. वाक्याच्या घटकांची वृक्षाकृती भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. तेथेही प्रत्येक घटकास एकच जनक असतो व मुळाशी नेणारा मार्ग एकच असतो. फरक इतकाच की वाक्याचा वृक्ष वाक्याच्या रचनेतून निघतो, तर जाळ्यात अनेक वृक्ष शक्य असून त्यांपैकी एक निवडावा लागतो. चार स्विच परस्परांना थेट जोडलेले असतील तर सोळा निरनिराळे वृक्ष संभवतात. त्यांतील कोणता घ्यावा याविषयी चारही स्विचांचे, कोणी मध्यस्थ नसताना, एकमत व्हावयास हवे.

हा प्रश्न राडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करीत असताना सोडविला व १९८५ मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे १९९० मध्ये आय ट्रिपल ई या संस्थेच्या ८०२.१-डी या मानकात तिला स्थान मिळाले.

रीत अशी आहे. प्रत्येक स्विचला एक ओळख-क्रमांक असतो. त्याचा पहिला भाग व्यवस्थापकाने ठरवावयाचा प्राधान्यांक असून तो मुळात ३२७६८ असतो. दुसरा भाग म्हणजे कारखान्यात दिलेला मॅक पत्ता. आरंभी प्रत्येक स्विच ‘मूळ मीच’ असे गृहीत धरून दर दोन सेकंदांनी शेजाऱ्यांना तसा निरोप पाठवितो. या निरोपास बीपीडीयू असे संक्षिप्त नाव आहे. आपल्यापेक्षा लहान क्रमांकाचा निरोप आला की स्विच आपला दावा सोडतो व तो निरोप पुढे पाठवू लागतो. अखेर सर्वांत लहान क्रमांकाचा स्विच ‘रूट’, म्हणजे मूळ, ठरतो.

त्यानंतर प्रत्येक स्विच मुळापर्यंतच्या सर्वांत स्वस्त मार्गाचा शोध घेतो. जुन्या कोष्टकाप्रमाणे दर सेकंदास दहा मेगाबिट वाहणाऱ्या मार्गाचे मूल्य १००, शंभर मेगाबिटच्या मार्गाचे १९ आणि एक गिगाबिटच्या मार्गाचे ४ मानलेले आहे. ज्या पोर्टाने मूळ सर्वांत स्वस्तात गाठता येते ते ‘रूट पोर्ट’. प्रत्येक केबलवर, ज्या टोकाचा स्विच मुळास अधिक जवळ तेथील पोर्ट उघडे राहते. या दोहोंत न बसणारी पोर्टे बंद ठेवली जातात. बंद पोर्टांची केबल काढली जात नाही. ती राखीव राहते.

३. तीस सेकंदांचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात कार्यालय, ग्रंथालय व भाषा-प्रयोगशाळा अशा तीन इमारती आहेत. प्रत्येकीत एक स्विच असून तिन्ही स्विच एक गिगाबिटच्या केबलांनी त्रिकोणात जोडलेले आहेत. कार्यालयातील स्विचचा प्राधान्यांक ४०९६ केल्यामुळे तो मूळ ठरला. ग्रंथालय व प्रयोगशाळा या दोन्ही स्विचांस मूळ ४ मूल्यावर थेट गाठता येते. त्या दोघांमधील केबल मात्र अधिकची ठरते. ग्रंथालयाच्या स्विचचा क्रमांक लहान असल्याने त्या केबलवर त्याचे पोर्ट उघडे राहते व प्रयोगशाळेच्या बाजूचे पोर्ट बंद होते. ग्रंथालयातून प्रयोगशाळेस जाणारी माहिती आता कार्यालयावरून जाईल. मार्ग थोडा लांबला, परंतु वलय मोडले.

समजा, कार्यालय व प्रयोगशाळा यांमधील केबल तुटली. प्रयोगशाळेचा स्विच हे तत्काळ जाणतो व आपले बंद पोर्ट उघडण्याची सिद्धता करतो. परंतु पोर्ट एकदम उघडणे धोक्याचे असते. जाळ्यात अन्यत्र काय बदलले आहे हे त्या क्षणी त्याला ठाऊक नसते. जुन्या स्थितीवर विसंबून कोणा दुसऱ्यानेही आपले पोर्ट उघडे ठेवलेले असेल तर वलय तयार होईल. म्हणून पोर्टाला दोन टप्प्यांतून जावे लागते. पहिल्या ‘लिसनिंग’ टप्प्यात ते फक्त बीपीडीयू ऐकते व पाठविते. दुसऱ्या ‘लर्निंग’ टप्प्यात ते येणाऱ्या फ्रेमवरील पत्त्यांची नोंद करते, पण फ्रेम पुढे सोडत नाही. प्रत्येक टप्पा पंधरा सेकंदांचा आहे. त्यानंतरच ‘फॉरवर्डिंग’, म्हणजे प्रत्यक्ष वाहतुकीची, अवस्था येते.

याउलट कार्यालय व ग्रंथालय यांमधील केबल तुटली तर प्रकरण अधिक लांबते. ग्रंथालयाचा स्विच मुळास मुकतो व स्वतःच मूळ असल्याचे सांगू लागतो. प्रयोगशाळेच्या स्विचकडे खऱ्या मुळाची अधिक चांगली माहिती असल्याने तो त्या निरोपाकडे दुर्लक्ष करतो. मात्र बंद पोर्टावरील जुनी नोंद कालबाह्य होण्यासाठी त्याला वीस सेकंद थांबावे लागते. हे वीस व दोन टप्प्यांचे तीस मिळून पन्नास सेकंद होतात.

पंधरा सेकंदांचा आकडा यदृच्छेने घेतलेला नाही. जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या मार्गावर जास्तीत जास्त सात स्विच असतील असे गृहीत धरून, बातमी सर्वत्र पोहोचण्यास व जुनी बातमी नाहीशी होण्यास लागणारा काळ त्यात मोजलेला आहे. हे गृहीतक विसरले जाते तेव्हा काय घडते याचे उदाहरण अमेरिकेतील बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकोनेस वैद्यकीय केंद्रात नोव्हेंबर २००२ मध्ये दिसून आले. तेथील जाळे तुकड्यातुकड्यांनी वाढत जाऊन स्पॅनिंग ट्रीने मानलेल्या मर्यादेबाहेर गेले होते. ते कोसळल्यावर सुमारे चार दिवस रुग्णालयास संगणकाविना, कागदी नोंदींवर काम चालवावे लागले.

४. कडेचे पोर्ट

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. स्विच व स्विच यांमधील पोर्टाने थांबणे योग्य आहे. परंतु विद्यार्थ्याच्या संगणकास जोडलेल्या पोर्टाने का थांबावे? संगणकाला एकच केबल असते. त्याच्यापलीकडे जाळे नाही, म्हणून त्याच्यामार्गे वलय होण्याचा संभव नाही. पोटचारीच्या टोकावरील शेतासारखे ते टोक आहे. वाक्यवृक्षातील ज्या अंत्य घटकाचे पुढे विभाजन होत नाही, त्याच्यासारखे आहे.

अडचण अशी की स्विचला हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने सर्व पोर्टे सारखी. केबल बसली एवढेच त्याला समजते. पलीकडे संगणक आहे की दुसरा स्विच, हे नाही. पलीकडून बीपीडीयू आला तर तेथे स्विच आहे हे सिद्ध होते. तो आला नाही तर ‘नाही’ असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित तो अद्याप यावयाचा असेल. शांततेवरून निष्कर्ष काढण्यासाठी पुरेसा काळ शांतता पाळावी लागते. तीस सेकंदांचा विलंब हा या अनिश्चिततेचा विलंब आहे.

संगणकाच्या बाजूने पाहता हा विलंब तीस सेकंदांहून मोठा ठरतो. जाळ्यात आल्यावर संगणक डीएचसीपी या पद्धतीने आपल्यासाठी पत्ता मागतो. १९९७ च्या या पद्धतीच्या मानकात, उत्तर न आल्यास सुमारे ४ सेकंदांनी, मग ८, १६ व ३२ सेकंदांनी पुन्हा विचारणा करावी असे सुचविले आहे. म्हणजे विचारणा आरंभी, चौथ्या, बाराव्या, अठ्ठाविसाव्या व साठाव्या सेकंदाच्या आसपास होतात. पोर्ट तिसाव्या सेकंदास उघडते. पहिल्या चारही विचारणा बंद दारावर वाया जातात व पाचवी पूर्ण मिनिटानंतर पोहोचते. काही संगणक तोवर थांबत नाहीत, ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात आणि ‘जोडणी आहे, पण इंटरनेट नाही’ अशी अवस्था येते. त्यातच सुरू होताना अनेक संगणकांची जोडणी एकदोनदा तुटते व पुन्हा लागते. दर वेळी तीस सेकंदांची मोजणी प्रथमपासून सुरू होते.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला म्हणजे पंधरा सेकंदांचा टप्पाच लहान करणे. मानकानुसार तो चार सेकंदांपर्यंत उतरविता येतो. परंतु हे मूल्य मूळ स्विचवर ठरते व तेथून सर्व जाळ्यास लागू होते. एका प्रयोगशाळेतील प्रतीक्षा वाचविण्यासाठी संपूर्ण संस्थेची सावधगिरी कमी करणे हा उपाय नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे ज्या पोर्टापलीकडे संगणकच आहे हे माणसाला निश्चित ठाऊक आहे, तेवढ्याच पोर्टास तसे सांगून ठेवणे. सिस्को कंपनीने या मांडणीस ‘पोर्टफास्ट’ असे नाव दिले. मानकाच्या भाषेत अशा पोर्टास ‘एज पोर्ट’, म्हणजे कडेचे पोर्ट, म्हणतात. असे पोर्ट केबल बसताच वाहतुकीच्या अवस्थेत जाते. पहिलीच विचारणा पोहोचते व संगणकास पत्ता लागलीच मिळतो.

या मांडणीचा आणखी एक, फारसा न दिसणारा, लाभ आहे. जुन्या पद्धतीत कोणतेही पोर्ट उघडले किंवा बंद पडले की जाळ्याची रचना बदलल्याची वर्दी मुळापर्यंत जाते आणि मूळ ती सर्वांना कळविते. त्यामुळे सर्व स्विच आपल्या पत्त्यांच्या नोंदी, एरवीच्या ३०० सेकंदांऐवजी १५ सेकंदांतच जुन्या समजून काढून टाकू लागतात. नोंद नाही म्हणजे फ्रेम सर्वत्र सोडणे आले. चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत तास सुटताना चाळीस संगणक बंद होतात. तेवढ्यासाठी सर्व इमारतींतील स्विचांना आपल्या नोंदी सोडाव्या लागणे हे अनाठायी होय. कडेची पोर्टे अशी वर्दी देत नाहीत.

५. घोषणा आणि पहारा

‘पोर्टफास्ट’ या नावावरून पोर्टाचा वेग वाढतो असा ग्रह होतो. वस्तुतः माहितीच्या वहनाचा वेग तसूभरही वाढत नाही. फक्त एका शंकेचे निरसन अगोदरच करून ठेवले जाते. ही मांडणी म्हणजे ‘यापलीकडे स्विच नाही’ अशी माणसाने केलेली घोषणा आहे.

शब्दांनी वर्णन करणे व शब्दांनी कृती करणे हा जे. एल. ऑस्टिन यांनी विशद केलेला भेद येथे उपयोगी पडतो. त्यांच्या १९५५ मधील व्याख्यानांचे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पोर्टावरील आज्ञा कृती म्हणून तत्काळ सफल होते. पोर्टाची अवस्था बदलते. परंतु तिच्यात गर्भित असलेले विधान खरे आहे की नाही, हे आज्ञेच्या सफलतेवरून ठरत नाही. आज ज्या भिंतीतील सॉकेटवर एक संगणक आहे, तेथे उद्या कोणी सोयीसाठी पाच पोर्टांचा साधा स्विच आणून लावील. परवा त्या स्विचची मोकळी केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचील. घोषणा तशीच राहील, पण तिचा आधार नाहीसा झालेला असेल. दोन्ही सॉकेटांची पोर्टे कडेची म्हणून उघडी असल्याने वलय क्षणात पूर्ण होईल.

म्हणून अशा घोषणेस पहारा लागतो. कडेचे पोर्ट बीपीडीयू पाठविणे थांबवीत नाही, आणि त्यावर बीपीडीयू आला तर ते आपला विशेष दर्जा सोडून सामान्य पोर्टाप्रमाणे वागू लागते. परंतु दोन बीपीडीयूंमध्ये दोन सेकंदांचे अंतर असते, व तेवढ्या अवधीत प्रतींचा लोंढा सुरू होऊ शकतो. ‘बीपीडीयू गार्ड’ ही जोडमांडणी अधिक कठोर आहे. कडेच्या पोर्टावर एकही बीपीडीयू आला की ती ते पोर्ट पूर्णपणे बंद करते. एक सॉकेट बंद पडते. बाकीचे जाळे वाचते.

नावाच्या साम्यामुळे तिच्याशी गल्लत होणारी ‘बीपीडीयू फिल्टर’ ही मांडणी मात्र उलट परिणामाची आहे. एखाद्या पोर्टावर ती लावली असता तेथे बीपीडीयू पाठविले जात नाहीत व आलेले विचारात घेतले जात नाहीत. गार्ड म्हणजे दारावरचा पहारेकरी. फिल्टर म्हणजे त्या पहारेकऱ्याचे डोळे बांधणे. प्रयोगशाळेतील पोर्टांवर तिचे प्रयोजन नाही.

गार्डलाही मर्यादा आहे. बीपीडीयू पुढे न सोडणाऱ्या एखाद्या साध्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके खोचली गेली, तर ते वलय त्या स्विचच्या पोटात राहते व मुख्य स्विचला दिसत नाही; दिसतो तो त्यातून उसळणारा लोंढा. यासाठी सर्वांना उद्देशून येणाऱ्या फ्रेमच्या प्रमाणावर मर्यादा घालणारी ‘स्टॉर्म कंट्रोल’ ही मांडणी अनेक स्विचांत उपलब्ध असते.

६. जलद पद्धतीनंतर

स्पॅनिंग ट्रीची सुधारित, जलद आवृत्ती २००१ मध्ये ८०२.१-डब्ल्यू या नावाने आली व २००४ मध्ये मूळ मानकात समाविष्ट झाली. तीत दोन स्विच एकमेकांशी थेट वाटाघाट करतात. एक प्रस्ताव मांडतो. दुसरा आपली इतर पोर्टे क्षणभर रोखून, वलय होणार नाही याची खात्री करून संमती देतो. आणि मार्ग बहुधा एका सेकंदाच्या आत उघडतो. शेजारी नाहीसा झाल्याचे तीन निरोप चुकल्यावर, म्हणजे सहा सेकंदांत, कळते. पूर्वीच्या पन्नास सेकंदांशी याची तुलना करावी.

मग पोर्टफास्टची गरज संपली काय? नाही. प्रस्तावाला संमती देण्यासाठी पलीकडे ही भाषा जाणणारा स्विच हवा. संगणक ती जाणत नाही. तो मौन राहतो. उत्तर न आल्यामुळे पोर्ट जुन्या रीतीने तीस सेकंद थांबते. जलद पद्धतीने स्विचांमधील विलंब दूर केला. कडेचा विलंब दूर करण्यासाठी कडेची घोषणा करावीच लागते. २००४ च्या मानकात यावर एक मध्यम मार्ग दिला आहे: सुमारे तीन सेकंद बीपीडीयू आला नाही तर पोर्टाने स्वतःच आपल्याला कडेचे मानावे. ही घोषणा नव्हे, निरीक्षणावरून केलेले अनुमान होय. म्हणून त्यास थोडा काळ लागतो. ही सोय प्रत्येक स्विचमध्ये चालू असेलच असे नाही.

७. व्यवहारातील विवेक

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत नित्याचा प्रसंग म्हणजे वीज जाणे व परत येणे. वीज परतताच सर्व स्विच एकाच वेळी जागे होतात, मूळ पुन्हा निवडले जाते व प्रत्येक पोर्ट थांबते. अशा वेळी केवळ कडेच्या पोर्टांवर पोर्टफास्ट लावून भागत नाही. संगणकाचे पोर्ट लगेच उघडले तरी प्रयोगशाळेच्या स्विचपासून कार्यालयाकडे जाणारे पोर्ट जुन्या पद्धतीत तीस सेकंद बंदच असते. संगणकाची विचारणा आपल्याच इमारतीत अडकते. स्विचांमध्ये जलद पद्धती व कडेला पोर्टफास्ट, असे दोन्ही उपाय एकत्र योजले तरच संगणकावरील परीक्षेच्या मध्यात वीज गेली असता खंड कमीत कमी राहतो.

मूळ कोणते असावे हे दैवावर सोपविणेही योग्य नव्हे. सर्व स्विचांचे प्राधान्यांक ३२७६८ असेच राहिले तर मॅक पत्त्यांची तुलना होऊन सर्वांत लहान पत्त्याचा स्विच मूळ ठरतो. तो कोपऱ्यातील सर्वांत जुना व मंद स्विचही असू शकतो. म्हणून मध्यवर्ती स्विचला लहान प्राधान्यांक व त्याच्या पर्यायी स्विचला त्याहून किंचित मोठा द्यावा. हे अंक ४०९६ च्या पटीत द्यावयाचे असतात.

पोर्टफास्ट कोठे लावावे याची कसोटी एकच आहे: या केबलच्या पलीकडून दुसऱ्या वाटेने पुन्हा आपल्याच जाळ्यात येता येते काय? संगणक, छपाईयंत्र, कॅमेरा व टेबलावरील इंटरनेट-टेलिफोन यांबाबत सामान्यतः उत्तर ‘नाही’ असे येते. तेथे पोर्टफास्ट आणि गार्ड दोन्ही लावावेत. स्विचास स्विच जोडणाऱ्या पोर्टाबाबत उत्तर ‘येता येते’ किंवा ‘कदाचित’ असे असते. तेथे ते लावू नये. भिंतीतील ज्या सॉकेटला काय जोडले जाईल हे निश्चित नसते, तेथे गार्डविना पोर्टफास्ट लावणे म्हणजे घोषणा करून तिची जबाबदारी नाकारणे होय.

गार्डने एखादे पोर्ट बंद केले तर ते पुन्हा चालू करण्यापूर्वी कारण शोधावे. पोर्ट बंद पडले याचा अर्थ स्विच बिघडला असा नसून, केलेली घोषणा खोटी ठरली असा आहे. कालव्यावरील पाटकरी एखादी चारी फुटलेली दिसताच दार बंद करतो व मग फूट शोधतो. दार बंद झाल्याची तक्रार करून ते पुन्हा उघडून देणे सोपे असते. परंतु फूट तशीच राहिली तर पाणी वाया जाते व खालच्या शेतांना मिळत नाही.

सारांश, पोर्टजोडणीतील विलंब हा स्विचचा दोष नसून त्याच्या अज्ञानाची रास्त किंमत आहे. पलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक नाही, म्हणून तो ऐकतो, शिकतो आणि मगच दार उघडतो. ज्या ठिकाणी माणसाला ते निश्चित ठाऊक असते, तेथे आपले ज्ञान स्विचला देऊन हा काळ वाचविता येतो. परंतु ते ज्ञान आजचे असते व मांडणी वर्षानुवर्षे टिकते. केबली हलतात, खोल्या बदलतात, सोयीसाठी नवी उपकरणे येतात. म्हणून कोणत्या पोर्टास कडेचे म्हटले आहे याची लेखी नोंद ठेवणे, आणि प्रयोगशाळेची मांडणी बदलेल तेव्हा ती नोंद पडताळणे, हे या वाचविलेल्या तीस सेकंदांचे मोल म्हणून प्रत्येक विभागाने द्यावयास हवे.